स्क्रीनवर आलेली खबर



माहूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सोबत मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे. लॅपटॉपची काळी स्क्रीन, तिच्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या सात-आठ ओळी आणि बहुतेक ओळींत 'एरर' हा शब्द. पत्रातला मजकूर थोडक्यात असा: मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात हा एकच लॅपटॉप, तोही मामूंनी वापरून दिलेला. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून खालाच्या मुलाने त्यावर लिनक्स घालून दिले. तेव्हापासून लॅपटॉप सुरू करताना या ओळी येतात, दोन-तीन सेकंद राहतात, मग नेहमीची स्क्रीन येते आणि काम चालते. दुकानात दाखवल्यावर उत्तर मिळाले, "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार लागतील, नाहीतर भंगारात द्या." भगिनी विचारतात, पैसे भरावेत की लॅपटॉप विकून टाकावा? मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज याच लॅपटॉपवरून भरायचा आहे.

उत्तर आधी देतो. पैसे भरू नका आणि लॅपटॉप विकूही नका. फोटोतल्या ओळी आम्ही नीट वाचल्या. त्या मदरबोर्ड गेल्याच्या नाहीत. त्या कशाच्या आहेत, आणि अशाच ओळींमधली खरी धोक्याची ओळ कशी ओळखायची, हे या महिन्याच्या लेखात पाहू. हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही त्याच्या यादीतला लागतो. जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत. म्हणून अनेक घरांत चांगल्या चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातले जात आहे, आणि विंडोजने वर्षानुवर्षे न दाखवलेल्या ओळी लिनक्स पहिल्याच दिवशी दाखवत आहे.

दप्तर आणि नवा अंमलदार

माहूरच्या वाचकांना दप्तराचे महत्त्व सांगायला नको. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते आणि त्याखाली परगणे होते. नवा अंमलदार गडावर यायचा तेव्हा त्याला मुलूख ठाऊक नसायचा. कोणते गाव कुठे, कोणती जमीन कोणाकडे, हे त्याला दप्तरातूनच कळायचे. आजही जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा मागतो. शेत डोळ्यांसमोर असले तरी कागद पाहतो.

संगणकात असेच चालते. बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेला प्रोग्राम. याला फर्मवेअर म्हणतात. नव्या यंत्रांत याचा पुढचा प्रकार असतो, त्याला यूईएफआय म्हणतात, पण दुकानात सगळे बायोसच म्हणतात. बायोस हा त्या यंत्राचा जुना तलाठी. पंखा कुठे, बॅटरी कुठे, यूएसबीची तोंडे किती, झाकण मिटले तर काय करायचे, हे सगळे त्याने तक्त्यांत लिहून ठेवलेले असते. विंडोज किंवा लिनक्स हा नवा अंमलदार. तो आला की तलाठी दप्तर त्याच्या हवाली करतो आणि पुढचा कारभार नवा अंमलदार त्या दप्तरावरून चालवतो.

या दप्तराच्या नियमांना एसीपीआय म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. २०१३ पासून यूईएफआय फोरम ही अनेक कंपन्यांची मिळून बनलेली संस्था ते सांभाळते. त्याआधी वीज वाचवण्याचा, यंत्र झोपवण्याचा बहुतेक कारभार बायोसच्याच हाती असायचा. एसीपीआयमुळे कारभार अंमलदाराकडे आला आणि बायोसकडे नोंदी देण्याचे काम राहिले.

दप्तर उघडण्याची पद्धत ठरलेली आहे. आधी एक खूण शोधायची. ती 'आरएसडी पीटीआर' अशी असते आणि मधली व शेवटची मोकळी जागा धरून बरोबर आठ अक्षरांची भरते. त्या खुणेपाशी सूचीचा पत्ता असतो आणि सूचीत बाकीच्या तक्त्यांचे पत्ते असतात. बहुतेक तक्त्यांच्या माथ्यावर ३६ बाइटचा मथळा असतो. त्यात तक्त्याचे चार अक्षरी नाव, त्याची लांबी, बनवणाऱ्या कंपनीची सहा अक्षरी खूण आणि तपासणीचा एक आकडा असतो. हा आकडा असा निवडलेला असतो की तक्त्यातल्या सगळ्या बाइटची बेरीज केली की तिला २५६ ने पूर्ण भाग जावा. रोजमेळाच्या तळाशी जमाखर्च मिळतो की नाही हे पाहावे तसेच हे आहे. बेरीज जुळली नाही तर लिहिताना किंवा ठेवताना काहीतरी बिघडले.

तक्ते पुष्कळ असतात. एकात प्रोसेसरची यादी असते. एकात बंद-चालूची माहिती असते. सर्वांत मोठा डीएसडीटी. त्यात यंत्रातल्या भागांची नोंद आणि त्यांना चालवण्याचे छोटे छोटे प्रोग्रामसुद्धा असतात, आणि ते प्रोग्राम अंमलदाराला चालवावे लागतात. सुरू होताना दिसणाऱ्या बहुतेक चुका इथल्याच असतात.

याच दप्तरात एक कामाचा कागदही असतो. विंडोज ८ पासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजची परवान्याची किल्ली एमएसडीएम नावाच्या तक्त्यात असते. हार्ड डिस्क पुसून लिनक्स घातले तरी ती किल्ली मदरबोर्डवर तशीच राहते. उद्या त्याच लॅपटॉपवर तीच विंडोज पुन्हा घालायची झाली तर दुसऱ्यांदा किल्ली विकत घ्यायची गरज नसते. चोरीची तर मुळीच नसते.

फोटोतल्या ओळी काय म्हणतात

आता फोटोकडे येऊ. पहिली ओळ 'एसीपीआय बायोस एरर' या शब्दांनी सुरू होते आणि पुढे कंसात 'बग' लिहिलेले आहे. या दोन शब्दांतच अर्धे निदान आहे. लिनक्स सांगत आहे की चूक यंत्राच्या भागात नाही, माझ्यातही नाही, बायोस लिहिणाऱ्याच्या लिखाणात आहे. बग म्हणजे लिखाणातली चूक.

पुढे 'कुड नॉट रिझॉल्व्ह सिंबल' असे लिहून एक लांब पत्ता दिला आहे आणि शेवटी 'नॉट फाउंड'. पत्ता तुकडे करून वाचला की सोपा आहे. एसबी म्हणजे यंत्राची मुख्य वाहिनी. पीसीआय झिरो ही तिच्यावरची पहिली शाखा. एक्सएचसी हा यूएसबी चालवणारा भाग. आरहब हे त्याचे मूळ केंद्र. एचएस इलेव्हन म्हणजे त्या केंद्राचे अकरावे वेगवान तोंड. पूर्ण वाक्य असे झाले: 'दप्तरात अकराव्या तोंडाविषयी एक नोंद आहे, पण असे तोंड या यंत्रात सापडत नाही.'

असे का होते? कंपनी एकाच दप्तरावर अनेक मॉडेल काढते. महाग मॉडेलला यूएसबीची तोंडे जास्त, स्वस्त मॉडेलला कमी. दप्तर मात्र तेच. सातबाऱ्यावर गट नंबर आहे आणि गावात तो गटच नाही, असा हा प्रकार. शेत कोणी चोरलेले नाही. ते तिथे नव्हतेच. नसलेले तोंड दुरुस्त करायला साडेसहा हजार कशाला?

त्याखालच्या दोन ओळी वेगळ्या चुकांच्या नाहीत. दुसरी पहिलीचाच परिणाम सांगते आणि तिसरी 'स्किपिंग' म्हणते, म्हणजे ती नोंद सोडून मी पुढे गेलो. अकराव्या तोंडानंतर बाराव्याचीही तीच कथा. आठ ओळी दिसतात, पण चूक एकाच जातीची आहे.

मग स्क्रीनवर फक्त याच ओळी का? लिनक्स आपल्या प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी पायरी देते. ० म्हणजे सर्वांत गंभीर. 'एरर' ची पायरी ३. सुरू होताना लिनक्सला साधारणपणे गप्प राहायला सांगितलेले असते, पण त्या गप्प राहण्यातही अनेक प्रकारच्या लिनक्समध्ये ४ च्या खालचे सगळे छापले जाते. बाकी शेकडो ओळी लपतात आणि या तेवढ्या राहतात. एकट्या दिसतात म्हणून त्या भयंकर वाटतात. विंडोज अशा नोंदी स्क्रीनवर न दाखवता पुढे जाते. पुष्कळ कंपन्या आपले दप्तर प्रामुख्याने विंडोजवरच तपासून बाजारात सोडतात, त्यामुळे या चुका कारखान्यातच राहून जातात.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दप्तरातले प्रोग्राम अंमलदाराला विचारतात, "तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?" आणि लिनक्स "हो" म्हणते. हे खोटे बोलणे झाले का, असे एका तरुण वाचकाने मागे विचारले होते. प्रश्नाचा नियमातला अर्थ 'त्या आवृत्तीला जे कळते ते तुला कळते का' असा आहे, म्हणून उत्तर खोटे नाही. २००७ पासून मात्र "तू लिनक्स आहेस का?" या प्रश्नाला लिनक्स सहसा "नाही" म्हणते. कारण त्या प्रश्नामागे कंपन्यांनी जे लिहून ठेवलेले असे, ते कुणी तपासलेलेच नसे.

तहकीक करण्याचे चार प्रश्न

सूरह हुजुरातमध्ये ताकीद आहे की फासिक माणसाने खबर आणली तर आधी तिची तहकीक करा, नाहीतर न कळता कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ती ताकीद माणसांच्या खबरीविषयी आहे. पण पैसे खर्च करण्यापूर्वी यंत्राच्या खबरीचीही तहकीक करण्याची सवय आपल्याला तिच्यातून लागायला हरकत नाही. त्यासाठी चार प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न, बोलते कोण? कंपनीचे चिन्ह दिसण्याआधी किंवा चिन्हाबरोबर ओळ आली तर बोलणारा बायोस आहे. चिन्हानंतर, ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंसात सेकंदांचा आकडा असेल तर बोलणारे लिनक्स आहे. निळी स्क्रीन येऊन 'एसीपीआय बायोस एरर' असे नाव दिसले तर बोलणारी विंडोज आहे, आणि ती तिथेच थांबली आहे. ते गंभीर. लिनक्स ओळ छापून पुढे गेले असेल तर एवढे नक्की की प्रोसेसर जागा आहे, मेमरी चालते आहे, डिस्क वाचली जाते आहे. पूर्ण गेलेला मदरबोर्ड ओळी छापत बसत नाही.

दुसरा प्रश्न, काही बंद पडले आहे का? ही तपासणी घरातले कोणीही करू शकते. झाकण मिटून यंत्र झोपते का आणि उघडल्यावर उठते का? बॅटरीचे टक्के खरे दिसतात का? चार्जर लावल्यावर चार्जिंगची खूण येते का? स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का? पंखा गरजेपुरता फिरून थांबतो का? सगळ्या यूएसबी तोंडांत पेन ड्राइव्ह चालतो का? वायफाय, टचपॅड, आवाज ठीक आहे का? बंद केल्यावर यंत्र खरोखर बंद होते का? माहूरच्या भगिनींनी पत्रात लिहिले आहे की सगळे चालते. तिथेच निम्म्याहून जास्त निकाल लागला.

तिसरा प्रश्न, ओळ कधीपासून येते? लिनक्स घातले त्या दिवसापासून असेल तर चूक आधीही होती, आता दिसू लागली. काल-परवापासून असेल तर त्याच्या आधी काय घडले ते आठवा. मेमरी बदलली, बायोस अपडेट केला, लिनक्सचे अपडेट आले, लॅपटॉप पडला, पाणी सांडले, यापैकी काही?

चौथा प्रश्न, ओळ रोज तीच असते का? तीन वेळा यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा आणि तिन्ही वेळा फोटो काढा. तिन्ही फोटोंत त्याच ओळी, तेच पत्ते असतील तर ती कारखान्यातली चूक. ओळी दर वेळी बदलत असतील, तक्त्यांची नावे विचित्र अक्षरांत येत असतील, बेरीज आज या तक्त्याची आणि उद्या त्या तक्त्याची चुकत असेल, तर मेमरीवर संशय घ्या. कागदावरची चूक बदलत नाही. कागद ठेवण्याची जागा ओली असेल तर मात्र रोज नवे पान खराब होते. मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालवला की मेमरीचा दोष बहुधा उघड होतो. दोन मेमरी पट्ट्या असतील तर एकेक काढूनही पाहता येते.

स्क्रीनवरची ओळ पटकन निघून गेली तर घाबरू नका, ती साठवलेली असते. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून इंग्रजी छोट्या लिपीत एस-यू-डी-ओ, एक मोकळी जागा आणि मग डी-एम-ई-एस-जी असे लिहून एंटर दाबा. पासवर्ड विचारला जाईल. तो लिहिताना स्क्रीनवर काही उमटत नाही, ते तसेच असते. मग सुरू होतानाची सगळी कथा ओळीने समोर येते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टम विभागात एसीपीआय नावाच्या नोंदी पाहा.

खऱ्या धोक्याच्या ओळी

सगळेच सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. काही ओळी थांबून पाहण्याच्या आहेत.

'ऑलरेडी एक्झिस्ट्स' म्हणजे एकाच गोष्टीची दुबार नोंद. ही बहुधा निरुपद्रवी असते. एकच ओळ दोन तक्त्यांत लिहिली गेली, एवढाच तिचा अर्थ.

'इनकरेक्ट चेकसम' म्हणजे बेरीज चुकली. रोज एकाच तक्त्याची चुकत असेल तर कारखान्याची चूक. लिनक्स सहसा नोंद करून पुढे जाते. रोज बदलत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे मेमरी तपासा.

'एम्बेडेड कंट्रोल' या शब्दांबरोबर 'टाइम' किंवा 'टाइमआउट' आले तर लक्ष द्या. लॅपटॉपमध्ये बॅटरी, चार्जिंग, कीबोर्डची काही बटणे आणि बऱ्याचदा पंखा सांभाळणारी एक छोटी वेगळी चिप असते. ती वेळेत उत्तर देत नाही, असा या ओळीचा अर्थ. सोबत बॅटरीचे टक्के अडकलेले असतील किंवा चार्जिंग होत नसेल तर हा खरा बिघाड असू शकतो.

'क्रिटिकल टेंपरेचर' ही ओळ आली आणि यंत्र स्वतःहून बंद झाले तर आधी तापमानाची काळजी घ्या. पंख्यात धूळ भरली आहे का पाहा. उन्हाळ्यात गादीवर किंवा सतरंजीवर लॅपटॉप ठेवला तर खालची हवा कोंडते. साफसफाईने हा प्रश्न सुटला तर हजारांचा खर्च वाचला.

'व्हॅलिड आरएसडीपी वॉज नॉट फाउंड' म्हणजे दप्तराची पहिली खूणच सापडली नाही. बाजारातल्या नेहमीच्या लॅपटॉपवर ही गंभीर गोष्ट आहे. बायोस बिघडला असण्याची शक्यता असते, आणि हे काम जाणत्याकडेच द्यावे.

आणखी एक ओळ लोक यातच मिसळतात: 'सीमॉस चेकसम एरर'. ही बायोस स्वतः बोलतो, चिन्हाच्या आसपास. हिचा तक्त्यांशी संबंध नाही. बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ जपणारी नाण्याएवढी बॅटरी संपली, एवढाच तिचा अर्थ बहुधा असतो. तारीख दर वेळी मागे जात असेल तर खात्रीच धरा. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत तारखेवरूनच तपासली जाते. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ही सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी असते. घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि स्वस्त असते.

उपाय, खालच्या पायरीपासून वर

पहिली पायरी फुकटची. यंत्र बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेली छोटी चिप बऱ्याचदा ताळ्यावर येते. दुसरी पायरी, बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणणे. त्याआधी सध्याच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

तिसरी पायरी, बायोसचे अपडेट. कंपनी कधी कधी दप्तरातल्या चुका यात सुधारते. पण सगळे नीट चालत असेल तर केवळ ओळी घालवण्यासाठी हे करू नका. करायचेच झाले तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, लॅपटॉपखाली लिहिलेल्या नेमक्या मॉडेलचेच घ्या. बॅटरी भरलेली असू द्या आणि चार्जरही लावलेला असू द्या. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर चांगला मदरबोर्ड खरोखर निकामी होऊ शकतो. आपल्याकडे वीज कधी जाईल हे सांगता येत नाही, म्हणून डेस्कटॉपवर इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर हे काम करूच नका.

चौथी पायरी, ओळी लिनक्सच्या अपडेटनंतर आल्या असतील तर सुरू होताना जुनी आवृत्ती निवडून पाहा. यादीत ती बहुधा ठेवलेली असते. जुन्यावर ठीक आणि नव्यावर बिघाड असेल तर दोष यंत्राचा नाही.

कोणी तुम्हाला एसीपीआय पूर्ण बंद करण्याचा सल्ला देईल. सुरू होताना तसा आदेश देता येतो आणि ओळीही जातात. पण मग बॅटरीचे टक्के दिसत नाहीत, झाकण मिटल्यावर यंत्र झोपत नाही, बंद केल्यावर वीज तुटत नाही, आणि कित्येकदा प्रोसेसरचा एकच भाग चालू राहून यंत्र मंदावते. अंमलदाराने दप्तरच फेकून दिल्यासारखे ते होते. निदानापुरते एकदा करून पाहायला हरकत नाही, कायमचे ठेवू नका. सगळे चालत असेल आणि ओळी फक्त डोळ्यांना खुपत असतील तर लिनक्सला बोलण्याची पायरी ३ वर आणायला सांगावे. ओळी दिसणार नाहीत, पण साठवल्या जातील. माहूरच्या भगिनींनी खालाच्या मुलाकडून एवढेच करून घ्यावे, आणि तेही न केले तरी चालेल.

दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द

माहूर नांदेड जिल्ह्यात असले तरी जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटर दूर आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. चांगला कारागीर गाठायचा म्हणजे एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गेली. अशा गावात जो कोणी दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्याच्या एका शब्दावर घराचा महिन्याचा हिशेब फिरतो. तो शब्द अमानत आहे.

सहीह मुस्लिममध्ये एक वाकया आला आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाइकाला ढिगाच्या आतले दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त 'एरर' हा शब्द. म्हणून आत हात घालून दाखवणे हे दुकानदाराचे काम. सगळेच दुकानदार फसवतात असे नाही. पुष्कळांना या ओळी वाचायला कोणी शिकवलेले नसते, आणि माहीत नाही म्हणण्यापेक्षा मदरबोर्ड म्हणणे सोपे जाते. आपल्या समाजातली अनेक मुले मोबाइल-संगणकाच्या दुकानांत हलाल रोजी कमावत आहेत. त्यांनी हे चार प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावेत. 'काही बिघडलेले नाही, तपासणीचे शंभर रुपये द्या' असे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या वेळी नक्की परत येते.

आणि घरातल्यांनी दुकानात जाताना तीन गोष्टी न्याव्यात: ओळींचे फोटो, काय चालते आणि काय चालत नाही याचा कागद, आणि एक सरळ प्रश्न, "कोणता भाग गेला आणि ते कशावरून कळले?" उत्तर कागदावर लिहून मागा. जो भाग बदलला तो जुना भागही परत मागा. मुलींनो, हा कागद तुम्ही लिहा. लॅपटॉप तुमच्या शिक्षणाचा आहे. त्याची खबर समजून घेण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.